तेरावी नळी

शनिवारी सकाळी नऊ वाजता टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. माणसं जिन्यापर्यंत बसलेली असायची आणि प्रत्येकाच्या हातात झाकण लावलेली एक छोटी प्लास्टिकची बाटली असायची. बाटलीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचा संकोच नव्हता. हीच माणसं आमच्या दवाखान्यात लघवीचा नमुना द्यायला येतात तेव्हा बाटली रुमालात गुंडाळून, इकडेतिकडे बघत, चोरीचा माल असल्यासारखी माझ्या हातात सरकवतात. इथे मात्र ती मांडीवर घेऊन निवांत बसत.

समोर टेबलामागे पट्टीगुरुजी. हे नाव त्यांना लोकांनीच दिलेलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे मोजे, आणि पुढ्यात साखर तपासायच्या कागदी पट्ट्यांची डबी. या पट्ट्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. पट्टीच्या टोकाला फिकट निळा चौकोन असतो. लघवीत साखर असली की तो हिरवा होतो, फार असली की तपकिरी. गुरुजी एकेकाला पुढे बोलवत, पट्टी बुडवत आणि तपकिरी झालेला चौकोन सगळ्यांना दिसेल असा वर धरत.

"याला डॉक्टर साखर म्हणतात," ते म्हणत. "मी म्हणतो, हे शरीराचं रुसणं आहे. रुसलेल्या माणसाला आपण सुया टोचतो का? आपण त्याची समजूत काढतो."

मग पेलाभर पाण्यात तीन चमचे पांढरी पूड, वर आणखी तीन-चार पेले साधं पाणी, आणि त्यानंतर दोन तास प्रवचन. प्रवचनात पेशी असत, कंपनं असत, शुद्धी असे. पेशी हा शब्द ते इतक्यांदा उच्चारत की पेशींना उचकी लागली असती. दोन तासांनी लोक दुसरा नमुना आणत. गुरुजी नवी पट्टी बुडवत, मनातल्या मनात साठ आकडे मोजत आणि पट्टी वर धरत. चौकोन कोराच्या कोरा, फिकट निळा. हॉलभर एक सुस्कारा पसरायचा. एकदा एक निवृत्त बसवाहक ती पट्टी हातात घेऊन ढसाढसा रडला, कारण अकरा वर्षांत त्याने तो रंग पाहिला नव्हता.

हे सगळं मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून पाहिलं आहे. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. एकवीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासतो आहे. कुणी काहीही सांगितलं की माझ्या तोंडून आधी "पुरावा काय?" हेच येतं, त्यामुळे गल्लीत मला पुराव्या म्हणतात. हवेतून अंगठी काढणाऱ्या एका माणसाची बाही मी भर सभेत उलटी केली आहे. अंगात आलेल्या एका बाईंना मी थर्मामीटर लावला होता. ही गोष्टही त्याच फुशारक्यांत जमा झाली असती तर मला आवडलं असतं. पण या गोष्टीत लोकांना फसवणारे दोघं आहेत, आणि दुसरा मी आहे.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती आणि भावोजी मिळून पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना चालवतात. भावोजी कापायचं यंत्र सांभाळतात आणि ताई शिवणीला बसते. छापलेले कागद घडी घालून, एकावर एक रचून, दाभणाने भोकं पाडून ती दोऱ्याने शिवते. तिची शिवण इतकी सरळ की पुस्तक फाटेल पण पान सुटणार नाही. गेल्या वर्षी तिची शिवण वाकडी जायला लागली. भोकं दिसेनात. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं सगळ्यांनी धरलं. मग तिला तहान लागायला लागली. शेजारी पाण्याची कळशी घेऊनच ती कामाला बसायची. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. मुळातच काडी, त्यात आणखी वाळली. बायका तिला बारीक होण्याचं रहस्य विचारत होत्या.

रक्त मीच काढलं. साखर चारशे अठरा. लघवीत साखर तर होतीच, शिवाय कीटोनही होते. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं, त्याची ही राख. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू केली. नंतर मला बाजूला बोलावून त्या म्हणाल्या की वय बेचाळीस असलं तरी हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे असं त्यांना वाटत नाही. बाई बारीक आहे, वजन झपाट्याने उतरलंय, कीटोन आहेत, आणि थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे. ज्याचं शरीर एका ग्रंथीवर उलटतं ते दुसरीवरही उलटू शकतं. तेव्हा अँटिबॉडीची तपासणी पाठवा.

ही तपासणी आमच्याकडे होत नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाते. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी आमच्याकडून एक बर्फाचा डबा निघतो. डब्यात नळ्या उभ्या ठेवायला बारा खाचा आहेत. त्या सोमवारी माझ्याकडे तेरा नळ्या होत्या.

मी ताईची नळी बाहेर काढली.

लोकांना सांगायला माझ्याकडे कारण छान होतं. स्वतःच्या बहिणीला रांगेत पुढे घुसवलं असं कुणी म्हणायला नको. पण ते कारण मी नंतर शोधलं. नळी काढताना मनात एवढंच होतं की ही तपासणी म्हणजे डॉक्टरीणबाईंचा अतिसावधपणा आहे. पहिला प्रकार लहान मुलांना होतो. चाळिशी उलटली की दुसरा. एकवीस वर्षं मी हेच ऐकत आणि बोलत आलो होतो. उत्तर मला माहीतच होतं, मग प्रश्न कशाला पाठवायचा? नळी फ्रीजरमध्ये ठेवून मी तिच्यावर "पुढच्या खेपेला" अशी चिठ्ठी लावली.

पुढच्या खेपेला ती गेली नाही, कारण तोवर ताई सुधारली होती. इन्सुलिनचा डोस चोवीस युनिटांवरून अठरा झाला, मग बारा, मग सहा. गालांवर मांस आलं, शिवण सरळ झाली. मी दर आठवड्याला तिचं रक्त तपासत होतो आणि उपाशीपोटी साखर सत्त्याण्णव, एकशे दोन, पंच्याण्णव अशी येत होती. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदा रिपोर्टची चौकशी केली. अजून आला नाही, असं मी म्हणालो. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. नंतर फ्रीजर साफ करायच्या दिवशी मी ती नळी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकून दिली.

याच काळात भावोजी ताईला पट्टीगुरुजींकडे घेऊन जायला लागले होते. मला हे कळलं ते हॉलमध्येच. एका शनिवारी मी गुरुजींची लबाडी पकडायला म्हणून गेलो आणि पाहतो तर व्यासपीठावर ताई. तिच्या हातात पट्टी कोरी, आणि गुरुजींच्या हातात एक कागद. तो माझ्या प्रयोगशाळेचा कागद होता. खाली माझी सही होती.

"हिचा भाऊ कोण, माहीत आहे ना?" गुरुजी हसत म्हणाले. "आपला पुराव्या. कशावर विश्वास नाही बिचाऱ्याचा. त्याच्याच यंत्राने लिहून दिलंय, साखर पंच्याण्णव. मी म्हणालो तर खोटं वाटेल, म्हणून मी काहीच म्हणत नाही."

हॉल हसला. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पट्टीचं काहीतरी गौडबंगाल असणार हे मला कळत होतं. पण रक्तातली साखर मी स्वतः मोजली होती. तो आकडा खोटा नव्हता.

त्या दुपारी मी कारखान्यात गेलो तो पेटूनच. ताई गोंदाचा ब्रश धूत होती. मी तिला सांगितलं की साखर गुरुजींमुळे उतरलेली नाही. हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे, तू गोड सोडलंस, रोज चालतेस, वजन आटोक्यात आहे, अशा लोकांची साखर अशीच ताळ्यावर येते. यात चमत्कार कसला? मी चांगला अर्धा तास बोललो. उदाहरणं दिली, कागदाच्या कपट्यावर आकृतीसुद्धा काढली. त्या दिवशी मी कधी नव्हे इतका मुद्देसूद बोललो.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "गुरुजी म्हणतायत सुई सोड," ती म्हणाली. "मला त्यांचं सगळं पटतं असं नाही. पण तू म्हणतोस तसं असेल, तरीसुद्धा सुई बंद केली तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंना विचार, एवढं तरी म्हणायचं. तेही म्हणालो नाही. मला गुरुजींना हरवायचं होतं. त्यांच्या चमत्काराच्या जागी माझं स्पष्टीकरण बसवायचं होतं, आणि ते खरं आहे की नाही हे तपासायची मला गरज वाटली नाही. ताईने त्या संध्याकाळी इंजेक्शन घेतलं नाही. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विज्ञान, आणि दोन्हीकडून एकच सल्ला. बिचारीने आणखी कुणाला विचारायचं?

पाच आठवडे गेले. या काळात तिने रक्त तपासून घेतलं नाही, कारण मीच म्हणालो होतो की आता काळजीचं कारण नाही. गुरुजींची पूड घेऊन ती घरी रोज पट्टी बघायची आणि पट्टी रोज कोरी असायची. सहाव्या आठवड्यात तिचा घसा दुखायला लागला, ताप आला. तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला भावोजींचा प्रयोगशाळेत फोन आला. ताईला पहाटेपासून उलट्या होतायत आणि ती विचित्र श्वास घेतेय. गुरुजींना फोन केला होता. ते म्हणाले शुद्धी चालू आहे, पूड दुप्पट करा.

मी पोचलो तेव्हा ताई कागदाच्या गठ्ठ्यांना टेकून जमिनीवर बसली होती. श्वास खोल आणि भराभर, जिना चढून आलेल्या माणसासारखा. ती तर जागची हललीही नव्हती. तोंडाला सडायला आलेल्या फळांचा वास येत होता. त्या वासाचं नाव मला माहीत होतं, कीटोन. तिने मूठ उघडली. आत पट्टी होती.

"बघ," ती म्हणाली, "कोरी आहे."

मी तिच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आलाच नाही. यंत्राला मोजता येतं त्याच्यापलीकडे साखर गेली होती.

दवाखान्यात तिला सलाइनवर घेतलं आणि थेंब थेंब इन्सुलिन सुरू झालं. रक्तात आम्ल साठलं होतं. डॉक्टरीणबाई तासाभराने बाहेर आल्या आणि पुढचे दोन दिवस काहीही सांगता येणार नाही असं भावोजींना स्पष्ट म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अँटिबॉडीचा रिपोर्ट काय आला होता?"

भावोजी शेजारीच उभे होते. मी सांगितलं. डबा, बारा खाचा, तेरावी नळी, पिवळा डबा, आणि "चालेल". सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी छान कारण सुचलं असतं. भावोजी जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "पहिल्या प्रकाराचे निम्मे रुग्ण मोठ्या वयातच सापडतात," त्या म्हणाल्या. "वय हा पुरावा नाही, अंदाज आहे. तुम्हाला तरी हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

नवं रक्त त्याच दिवशी पाठवलं, वेगळ्या गाडीने. तो रिपोर्ट येईपर्यंतच्या काळात त्यांनी मला आणि भावोजींना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते नीट लागू पडत नाही. गोळ्या, आहार, व्यायाम यांनी पुष्कळदा भागतं. पहिल्या प्रकारात शरीराची स्वतःची फौज इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारत सुटते. या फौजेच्या खुणा रक्तात सापडतात, त्या म्हणजे अँटिबॉडी. आणि सी-पेप्टाइड नावाची आणखी एक तपासणी असते. शरीर इन्सुलिन तयार करतं तेव्हा प्रत्येक वेळी एक छोटा तुकडा तुटून बाजूला पडतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर तो तुकडा येत नाही. म्हणून तुकडे मोजले की घरचं इन्सुलिन किती शिल्लक आहे ते कळतं. रोगी जरा सावरल्यावर ही तपासणी करायची. कुठलीही एक गोष्ट पाहून निकाल द्यायचा नाही. शरीरयष्टी, वजन किती वेगाने उतरलं, कीटोन, घरातले इतर आजार, अँटिबॉडी, आणि गरज पडली तर सी-पेप्टाइड, हे सगळं एकत्र ठेवून बघायचं.

"मग मधे तिची साखर उतरली ती कशी?" भावोजींनी विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं, पण माझी हिंमत नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्सुलिन सुरू केलं की मरायला टेकलेल्या पेशींवरचा भार हलका होतो. उरल्यासुरल्या पेशी थोडा दम खातात आणि काही आठवडे किंवा महिने पुन्हा कामाला लागतात. साखर उतरते, डोस कमी होतो. आम्ही त्याला मधुचंद्र म्हणतो, आणि तो संपतोच. त्या वेळी सुई बंद करायची नसते.

पट्टीचं कोडं मात्र कुणालाच सुटेना. दाखल करताना ताईच्या रक्तात साखर पाचशेच्या वर होती आणि आमच्याच दवाखान्यातली पट्टी लघवीत जवळपास काहीच दाखवत नव्हती. असं होऊच शकत नाही. मी भावोजींकडून पुडीतली पूड मागून घेतली आणि जिभेवर चिमूट ठेवली. आंबट. सर्दीत चघळायच्या गोळ्यांसारखी आंबट. मग मी एकवीस वर्षांत कधीच केलं नव्हतं ते केलं. पट्ट्यांच्या नव्या खोक्यातून तो पातळ, बारीक अक्षरांचा, आठ घड्यांचा कागद काढला. खोकं उघडलं की पहिलं काम म्हणजे तो कागद चुरगळून टोपलीत टाकणं. तिसऱ्या घडीत लिहिलं होतं की नमुन्यात क जीवनसत्त्व फार असेल तर साखर असूनही पट्टी रंग बदलणार नाही.

आणि मला आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी एक हसतमुख विक्रेता आमच्याकडे पट्ट्या विकायला यायचा. पांढरा शर्ट, बॅग, फार गोड जीभ. तोच आता पट्टीगुरुजी झाला होता. त्याने तो कागद वाचला होता. मी वाचला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताई नीट शुद्धीवर आली. आम्ल उतरलं होतं, जीव वाचला होता. चौथ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो आणि तिला नळीचं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत राहिली.

"गुरुजींकडे मी निदान पट्टी तरी बघितली होती," ती म्हणाली. "तुझ्याकडे काहीच बघितलं नाही. तू म्हणालास म्हणून मानलं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. तिने मला जवळ घेतलं नाही, आणि तिने तसं करावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

अँटिबॉडीचा रिपोर्ट आला. पहिला प्रकार. त्याच शनिवारी मी टायरच्या दुकानावरचा जिना चढलो. बरोबर पिशवीत ग्लुकोजच्या भुकटीचा डबा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दोन पेले आणि पट्ट्या. प्रवचन पेशींच्या शुद्धीपर्यंत पोचलं होतं. मी थेट टेबलापाशी गेलो. गुरुजी अडवणार होते, पण आज पुराव्या काय करतो ते बघू, असं दोघं-तिघं म्हणाले, आणि लोकांना तमाशा कुणाचाही चालतो.

मी दोन्ही पेल्यांत पाणी ओतलं आणि दोन्हीत सारखंच चिमूटभर ग्लुकोज घातलं. एका पेल्यात चार गोळ्या चुरून टाकल्या. पुढे बसलेल्या बसवाहकाला बोलावून त्याच्याच हाताने दोन्ही पेल्यांत पट्ट्या बुडवल्या. पहिली पट्टी तपकिरी झाली. दुसरी कोरी राहिली. मग त्याला दोन्ही पेल्यांतलं थोडं थोडं चाखायला दिलं. साखर दुसऱ्यातही आहे, असं तोच म्हणाला. आंबट लागतंय, पण गोड आहे.

"साखर कुठेही गेलेली नाही," मी म्हणालो. "यांची पूड म्हणजे हेच क जीवनसत्त्व, ती पट्टीचे डोळे बांधते, बाकी काही करत नाही. तुमच्या रक्तात साखर होती तेवढीच आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. गुरुजींचा चेहरा उतरला, पण माणूस पक्का मुरलेला होता. त्याने आवाज चढवला नाही.

"लघवीचं सोड," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीच्या रक्तातली साखर तर तुझ्याच यंत्रात उतरली होती. तुझी सही होती. ती कशी उतरली, सांग ना."

त्याला वाटलं मी इथे अडकेन. मधुचंद्राचं डॉक्टरी स्पष्टीकरण देऊन मला सुटता आलं असतं आणि अर्ध्या हॉलने टाळ्याही वाजवल्या असत्या. मी ते स्पष्टीकरण दिलं, आणि मग उरलेलंही सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी मी पाठवली नाही. रिपोर्ट आला नाही असं खोटं बोललो. चमत्कार नाही हे सिद्ध करायच्या नादात मनाने एक कारण ठोकून दिलं. सुई सोड असं या माणसाने सांगितलं, आणि चालेल असं मी सांगितलं. माझी बहीण दोन दिवस मरणाच्या दारात होती, आणि तिला तिथपर्यंत आम्ही दोघांनी मिळून नेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मधल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. त्यांच्या मांडीवर अजून बाटली होती.

"मग आता तुझ्यावर तरी का विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "माझ्यावर नको, यांच्यावर नको. गोळी असो, सुई असो, आज कुणीही मनाने बंद करू नका. डॉक्टरकडे जा आणि विचारा, माझा मधुमेह कोणत्या प्रकारचा आणि तुम्ही ते कशावरून ठरवलं? नुसतं वय सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा. रिपोर्ट मागा. जो रागावेल त्याच्याकडे परत जाऊ नका."

आजी पेल्यांजवळ आल्या. त्यांनी स्वतः नवी पट्टी घेऊन दुसऱ्या पेल्यात बुडवली, साठ आकडे मोठ्याने मोजले, पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि जिन्याकडे निघाल्या. त्यांच्यामागून बरीच माणसं उठली. सगळी उठली नाहीत. पुढच्या शनिवारी हॉलला कुलूप होतं. गुरुजींनी दुसरं गाव गाठलं असं कळलं. तिथेही माणसं बाटल्या घेऊन बसत असतील. प्रयोगशाळेतलं माझं डबा भरायचं काम मी लेखी कबुली दिल्यावर काढून घेतलं गेलं. ते योग्यच झालं.

ताई आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते आणि पुस्तकं शिवते. सी-पेप्टाइडही झालं, घरचं इन्सुलिन फारसं उरलेलं नाही. भावोजी माझ्याशी बोलतात, मोजकं बोलतात. महिन्यातून एकदा ताईला रक्त तपासावं लागतं. त्यासाठी ती आमच्या दवाखान्यावरून पुढे जाते, दोन चौक ओलांडते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत हात पुढे करते. परवा न राहवून मी तिला विचारलं, अजून राग आहे का?

"राग नाही रे," ती म्हणाली. "पण तू सांगितलेलंसुद्धा तपासून घ्यावं."

मी मान हलवली. आयुष्यभर मी गावाला हेच सांगत आलो होतो. ताई ते करते आहे. तुम्हीही करा.